आबा : लक्षणे आणि उपाय

“हसू कुठलं वळखतीया, बाई? तिनं दात मोजलं!”

वस्ताद हिंदुराव चौगले हे मला सांगत होते तेव्हा वाचनालयात पलीकडं वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या चार म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. वस्तादांचा साधा आवाजही आखाड्याच्या मापाचा होता. सहा फूट उंची, डोक्याला फेटा, आणि दोन्ही ओठ झाकून गालांपर्यंत पोचलेली पांढरीशुभ्र मिशी. त्यांच्या मागं, त्यांना स्पर्श न करता पण बरोब्बर एका वितीवर, आठ वर्षांची सानिका उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. पुस्तकांच्या पाठींवरचे क्रमांक वाचत होती.

“पहिल्यापासून सांगा, वस्ताद. आणि जरा हळू,” मी म्हणाले.

“हळूच बोलतोय की.”

वस्तादांनी सांगितलं ते असं. सानिका त्यांची नात. तिचे आईवडील पुण्याजवळ कारखान्यात कामाला. शहरातले आवाज पोरीला सोसेनात, म्हणून तिला लहानपणीच गडहिंग्लजला आजी-आजोबांकडं ठेवलेली. डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. गेल्या वर्षी आजी वारली. आता घरात वस्ताद, सानिका आणि एक म्हैस. पोरीला लिहितावाचता येत होतं, ते तिचं तिनंच शिकून घेतलं होतं. पण शाळेत घालायला नेलं तर मुख्याध्यापिका शिंत्रेबाईंनी चेहऱ्यांची चित्रं असलेली कार्डं पुढं ठेवली. हसणारा मुलगा दाखवून विचारलं, “हे काय आहे?” सानिका म्हणाली, “दात. वरचे आठ.” रडणारी मुलगी दाखवली. “पाणी.” रागावलेला माणूस दाखवला, तर म्हणाली, “हे गृहस्थ परिचयाचे नाहीत.”

तिची भाषा अशी का, तेही वस्तादांनीच सांगितलं. “तिच्या आजीचा रेडिओ दिसभर चालू असायचा. आमचं बोलणं तिनं उचललंच न्हाई. बातम्यांचं उचललं.”

“मग शिंत्रेबाई काय म्हणाल्या?”

“म्हनल्या, चाळीस पोरांत बसवायची तर समोरचा रागावलाय का हसतोय एवढं तरी कळाय पायजे. जूनमधी आणा, परत बगू.” वस्तादांनी दोन्ही पंजे माझ्या टेबलावर टेकवले. टेबल कुरकुरलं. “दोन म्हैनं हाईत. राग-लोभ कळंल असं एक पुस्तक द्या. डाव शिकवावा तसा मी शिकवतो तिला.”

मला मनातून फार आनंद झाला. मी पंचवीस वर्षांची होते. वाचनालयाचा बालविभाग नुकताच माझ्याकडं आला होता, आणि मुलांच्या पुस्तकांतलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझी खात्री होती. त्याच वर्षी मी यादी चाळून चाळून ‘भावना’ या विषयावरची अठरा पुस्तकं मागवली होती. ती सहा महिने कुणी हातात धरली नव्हती.

“एक कशाला,” मी म्हणाले, “अठरा आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला दोघं येऊ लागली. बालविभागातल्या खुर्च्या गुडघ्याएवढ्या. वस्ताद पहिल्या दिवशी एका खुर्चीत बसले आणि उठले तेव्हा खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. मग ते जमिनीवर मांडी घालून बसू लागले.

पहिलं पुस्तक रुसलेल्या सशाचं होतं. वस्तादांनी ते उघडलं, घसा साफ केला आणि कुस्तीचं समालोचन करावं तसा आवाज लावला, “आनि ससा! रडाय! लागला!”

सानिकानं दोन्ही कानांवर हात ठेवले. वर्तमानपत्रवाल्यांतले एक म्हातारे काय झालं म्हणून धावत आले. मी वस्तादांना कुजबुजायला शिकवलं. चार दिवस गेले त्यात. त्यांची कुजबुज दारापर्यंतच ऐकू येऊ लागली तेव्हा सानिकानं कानांवरचे हात काढले.

पुस्तकांचं मात्र काही जमेना. एका पुस्तकात राग म्हणजे शिंगं फुटलेला लाल गडी होता. सानिकानं चित्र बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, “हा प्राणी म्हशीच्या जातीचा आहे. शिंगे सदोष आहेत.” दुसऱ्यात दुःख म्हणजे डोक्यावर आलेला काळा ढग. तिनं वर छताकडं पाहिलं, पंखा होता, आणि पुस्तक मिटून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. तिसऱ्यात नुसते गोल चेहरे होते. ओठ वर वळले की आनंद, खाली वळले की दुःख. ते तिनं उलटं धरलं आणि सगळी आनंदी माणसं दुःखी करून टाकली. ती बरोबरच होती म्हणा.

त्या अठरांत तिचं मन रमत नव्हतं. तिचं मन रमलं होतं मोठ्यांच्या कपाटातल्या एका पुस्तकात. म्हशींची निगा कशी राखावी यावरचं जाडजूड पुस्तक होतं ते. आजोबांची नजर चुकवून ती तिथं जायची आणि उभ्या उभ्या वाचायची. प्रत्येक आजाराखाली ‘लक्षणे’ आणि ‘उपाय’ असे दोन रकाने. मी तीनदा ते तिच्या हातातून काढून घेतलं. “हे मोठ्यांचं आहे, बाळ. आपली पुस्तकं इकडं.” आज जिल्ह्यातल्या शाळांसाठी पुस्तकं निवडताना ते आठवलं की माझा मलाच राग येतो. तेव्हा ती अक्कल नव्हती.

वीस दिवस झाले, सतरा पुस्तकं संपली आणि सानिका अजून दातच मोजत होती. वस्ताद थकून म्हणाले, “बाई, चुकतंय कुठं?”

मलाही काही सुचत नव्हतं. मी हसत हसत म्हणून गेले, “वस्ताद, पुस्तकातल्या माणसांचे ओठ दिसतात. तुमचे कुठं दिसतात? घरात एकच माणूस, आणि त्याचं तोंड मिशीखाली. मिशीच्या आड काय चाललंय ते तिला कळावं कसं?”

वस्ताद हसले नाहीत. निदान मला तरी तसं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता एक अनोळखी गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. भला थोरला देह, वर फेटा, आणि मधे एक लहान मुलासारखं गुळगुळीत, गुलाबी, घाबरलेलं तोंड.

“काय पाहिजे?” मी विचारलं.

“बाई, मी चौगले.”

आवाज त्यांचाच होता. चाळीस वर्षांची मिशी! तालुक्यात तिच्यावरून लोक शपथा घ्यायचे. सलूनवाल्यानं म्हणे तीनदा विचारलं, आणि कात्री लावताना डोळे मिटून घेतले.

“दिसतंय न्हवं आता तोंड?” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बघून ओठ वर वळवले. पुस्तकातल्यासारखे. मला रडू आलं.

“सानिका कुठंय?”

“तेच सांगाय आलोय. घरात टेबलाखाली बसलीया. मला म्हनली, आपण कोण? आबा कोठे आहेत?”

पुढचे तीन दिवस भयंकर गेले. सानिका आजोबांच्या हातचं जेवेना. आवाज ओळखीचा, माणूस भलताच, हे तिला सोसेना. शेवटी तिनंच तोड काढली. वस्ताद बोलू लागले की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि मग उत्तर द्यायची. वस्ताद दाराआड उभे राहून तिला जेवण वाढू लागले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, मिशी उतरवली म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असं धरून आळीतली माणसं भेटायला येऊ लागली. एकजण टोपी काढून बसला आणि म्हणाला, “कसं काय झालं हो अचानक?” दुसऱ्यानं पुण्याला फोन लावून सानिकाच्या वडिलांना, ते हयात आहेत का, असं त्यांनाच विचारलं.

मला वाटलं होतं वस्ताद माझ्यावर चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते चौथ्या दिवशी आले आणि जमिनीवर बसून राहिले.

“पैलवानाची मिशी गेली त्याचं काय न्हाई, बाई,” ते म्हणाले. त्यांची कुजबुज आता खरोखरच कुजबुज झाली होती. “पोरीचा आबा गेला. एकच हुता तिला हितं.”

“चूक माझी आहे,” मी म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या. वस्तरा मी लावून घेतला.”

त्या दिवशी मी अठरावं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, “घरात तुमचे मिशीचे फोटो असतील तेवढे घेऊन या. तिला दाखवू, हेच ते आबा. मिशी परत येते.”

दुसऱ्या दिवशी वस्ताद बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मागून सानिका आली, डोळे मिटून, त्यांच्या फेट्याचा शेमला मुठीत धरून. रस्ताभर तशीच आली होती. जमिनीवर फोटो पसरले आणि मला हसावं की रडावं कळेना. सत्काराचे फोटो, लग्नांचे, जत्रेचे, जनावरांच्या प्रदर्शनाचे, अंत्ययात्रेचासुद्धा एक. चाळीस-बेचाळीस फोटो आणि सगळ्यांत वस्तादांचा चेहरा एकच. एका फोटोतलं डोकं काढून दुसऱ्यात चिकटवलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

“हा कधीचा?” मी विचारलं.

“माझ्या लग्नातला.”

“आणि हा?”

“पाय मोडला हुता तवाचा.”

सानिकानं डोळे उघडले. वस्तादांकडं पाठ करून ती फोटोंजवळ बसली आणि कुणी न सांगता तिनं ढीग लावायला सुरुवात केली. एक इकडं, एक तिकडं. मला आधी वाटलं, आकारानं लावतेय. पण लहानमोठे फोटो एकाच ढिगात जात होते. तीन ढीग झाले. एक फोटो तिनं वेगळाच ठेवला.

“हे काय लावलंस गं?” मी विचारलं.

“हे आबा आनंदात आहेत,” पहिल्या ढिगावर बोट ठेवून ती म्हणाली. “हे आबा रागावलेले आहेत. या ठिकाणी आबांना भीती वाटत आहे.”

वस्ताद पुढं सरकले. त्यांनी रागाच्या ढिगातला वरचा फोटो उचलला. कुणाच्या तरी गळ्यात हार घातला जात होता आणि वस्ताद शेजारी उभे होते. “हे तर...” त्यांचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. “ह्या पोरानं पैसं घिऊन कुस्ती सोडली हुती. आनि वर ह्यांनी त्याचा सत्कार केला. मी तवा असा भडकलो हुतो म्हंता! पर कुणाला कळू दिलं न्हाई.” त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. भीतीच्या ढिगात दोनच होते. एक पाय मोडल्याचा. दुसरा विमानाच्या शिडीवरचा. वस्ताद ओशाळले. “ह्ये मात्र कुणाला सांगू नगा.”

सगळे बरोबर होते. एकूण एक.

“सानिका, तुला कसं कळलं?” मी विचारलं. “चेहरा तर सगळीकडं एकच आहे.”

“चेहरा पाहू नये,” सानिका म्हणाली. “चेहऱ्यावरून निदान होत नाही. लक्षणे पाहावीत.”

लक्षणं होती. रागावले की वस्ताद शेमला ओढत आणि तो डाव्या खांद्यावर पुढं येई. घाबरले की अंगठे मुठीत लपवीत. आनंदात असले की एका पायावर भार टाकून उभे राहत. हे सारं त्या पोरीनं टिपलं होतं आणि जवळ ठेवलं होतं. मी उठले, मोठ्यांच्या कपाटातून म्हशींचं पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच आपणहून तिच्या हातात दिलं. मग कोरी वही आणली, दोन रकाने आखले आणि म्हणाले, “सांग. मी लिहून घेते.”

तिनं आठ दिवस सांगितलं. फोटो चिकटवले, खाली मी मजकूर लिहिला. एक शब्द चुकला तर ती पान पुन्हा लिहायला लावी. वस्ताद समोर बसून ऐकत आणि मधूनमधून हरकत घेत. “मी कवा घोरतो?” सानिका हरकत नोंदवून घ्यायची आणि फेटाळायची. तोवर मिशीही उगवत होती. एके सकाळी सानिका पट्टी घेऊन आली, डोळे उघडे ठेवून तिनं वस्तादांच्या नाकाखाली पट्टी धरली आणि जाहीर केलं, “चार मिलिमीटर. आबा परत येत आहेत.” वस्ताद श्वास रोखून बसले होते. हललेसुद्धा नाहीत.

शेवटची दोन पानं तिनं सांगितली तेव्हा वस्ताद चहा प्यायला बाहेर गेले होते. लिहिता लिहिता माझा हात थांबला. वेगळ्या ठेवलेल्या फोटोचं पान होतं ते.

“सानिका, हे पान ठेवायचं का आपण? की काढूया?”

तिनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. ‘पुस्तकातील पाने फाडू नयेत.’ पाटी मीच लावली होती.

जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात मी शिंत्रेबाईंना वाचनालयात बोलावलं. शाळेत नेलं असतं तर सानिका नवीन जागेतल्या फरश्या मोजत बसली असती. शिंत्रेबाई आल्या, त्या लहान खुर्चीत नीट मावल्या, आणि कार्डं काढू लागल्या. मी म्हणाले, “बाई, आधी एक पुस्तक ऐका. हिनं केलंय.”

वस्ताद मांडी घालून बसले. सानिका त्यांच्यापासून एका वितीवर. त्यांनी वही उघडली आणि कुजबुजत्या आवाजात वाचायला घेतलं.

“आबांचा राग. लक्षणे : शेमला ओढतात. पाणी मागतात व पीत नाहीत. म्हशीला अहो-जाहो करतात. उपाय : बोलू नये. दहा मिनिटांनी कांदाभजी करायची का, असे विचारावे.”

शिंत्रेबाईंनी ओठ आवळले.

“आबांची भीती. लक्षणे : अंगठे मुठीत जातात. मला काय कुणाचं भ्या हाय, असे मोठ्याने म्हणतात. उपाय : मलाही वाटते, असे सांगावे.”

“वस्ताद,” शिंत्रेबाई म्हणाल्या, “हे खरं आहे?”

“एक अक्षर खोटं न्हाई, बाई. लाज वाटती पर खरं हाय.”

शिंत्रेबाई सानिकाकडं वळल्या. “आणि सानिका, मी आत्ता कशी आहे? रागावलेय, आनंदात आहे, काय वाटतंय मला?”

सानिकानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. तिनं त्यांच्या मांडीकडं पाहिलं, पायांकडं पाहिलं.

“आपल्याला घरी जायचे आहे,” ती म्हणाली. “पर्स मांडीवर आहे. एक चप्पल पायात, एक बाहेर आहे. अंगठा दुखत आहे. उपाय : नवीन चप्पल.”

शिंत्रेबाईंनी खाली पाहिलं. उजवी चप्पल खरंच त्यांनी काढून बाजूला सारली होती. पुढच्या क्षणी त्या इतक्या जोरात हसल्या की सानिकाला कानांवर हात ठेवावे लागले.

“एकेका वर्गात चाळीस पोरं आणि वर सहा शिक्षक आहेत माझ्याकडं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “सकाळपासून चप्पल चावतेय हे एकाच्याही लक्षात आलं नाही.” त्यांनी कार्डं पर्समध्ये टाकली, पर्स जमिनीवर ठेवली आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, “ही कार्डं मी कुठून आणली होती कुणास ठाऊक. वस्ताद, सोमवारपासून पाठवा.”

वस्तादांनी वही मिटली. त्यांना उठून काहीतरी करायचं होतं, कुणाला तरी उचलून खांद्यावर घ्यायचं होतं, पण उचलण्यासारखं तिथं कुणी नव्हतं. सानिकाला हात लावलेला खपत नसे.

“पुस्तक समाप्त झालेले नाही,” सानिका म्हणाली.

“अगं, झालं की आता काम! शाळंत घेतली तुला.”

“दोन पाने शिल्लक आहेत.”

वस्तादांना अडवावं की नाही हे मला त्या क्षणीही ठरवता येत नव्हतं. वस्तादांनी वही पुन्हा उघडली. पानावर जनावरांच्या प्रदर्शनातला फोटो होता. म्हशीला पहिलं बक्षीस मिळालं होतं, चार माणसं हसत होती, वस्तादांच्या हातात ढाल होती आणि मिशीखाली तोच चेहरा.

“आबांचे दुःख,” त्यांनी वाचलं. “लक्षणे : आजी वारली तेव्हा आबा रडले नाहीत, असे सर्व जण म्हणतात. हे वृत्त चुकीचे आहे. आबा रोज सकाळी गोठ्यात...”

ते थांबले. शिंत्रेबाईंनी चष्मा काढला. वस्तादांचं बोट ओळीखाली तसंच होतं, आणि मला वाटलं, आता ते वही मिटतील.

त्यांनी मिटली नाही. त्यांनी आवाज इतका खाली आणला की मला पुढं वाकावं लागलं.

“...आबा रोज सकाळी गोठ्यात रडतात. त्या वेळी म्हैस दोनदा धुतली जाते. प्रदर्शनात म्हैस अतिशय स्वच्छ असल्यामुळे तिला पहिले बक्षीस मिळाले.”

कुणीच हसलं नाही.

“उपाय,” वस्तादांनी वाचलं, बोट ओळीवर नीट ठेवलं आणि पुन्हा वाचलं, “उपाय : गोठ्याच्या दाराबाहेर बसून राहावे. आत जाऊ नये. आबा बाहेर येण्यापूर्वी उठून जावे.”

वस्तादांनी त्या ओळीवरची नजर न काढता विचारलं, “रोज?”

“रोज,” सानिका म्हणाली. “पावसात पोते घेऊन.”

“आनि मला कवा बोलली न्हाईस त्ये, पोरी?”

“आपण विचारले नाही.”

वस्तादांच्या अर्ध्या उगवलेल्या मिशीखाली ओठ दिसत होते. ते वर वळत होते की खाली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. सानिकानं तिकडं पाहिलं नाही. ती एका वितीवरून अर्ध्या वितीवर सरकली आणि तिनं वहीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“पुढील पान,” ती म्हणाली.

वस्तादांनी पान उलटलं आणि वाचलं, “आबांचा आनंद. लक्षणे...”